पाच, सहा, आठ

आमच्या मजल्यावर मोजत गेलं तर
पाच, सहा, आठ, सात, नऊ असं येतं.
कुरिअरवाला दोनदा जिना उतरतो,
मग खालूनच ओरडतो, आठवाले कोण?
आम्ही. आम्ही आठवाले. दिवाळीपासून.

लालजीभाई गाला पेढे घेऊन आले होते.
माटुंग्याच्या कुणा अंकशास्त्र्यानं सांगितलं म्हणे,
आठ शनीचा, पोराचं दुकान त्यानंच बसवलं,
सात घ्या.
खोली नको, भिंती तुमच्या तुमच्याकडे,
फक्त आकडा द्या.
विरजण मागावं तसं मागितलं त्यांनी,
वाटी तेवढी हातात नव्हती.

मी म्हटलं, लाइट बिल? गॅसचं पुस्तक? रेशनकार्ड?
सगळं मी बघतो, वकील घरचा आहे.
आणि बघितलंही.
सोसायटीचा ठराव, पाचशेचा स्टॅम्पपेपर,
दोन्ही दारांना एकच चॉकलेटी रंग.
रंगासाठी उतरवलेल्या नावाच्या पाट्या
अजून त्यांच्या पोटमाळ्यावर आहेत.

बाबा मध्ये बोलले नाहीत.
चिंचपोकळीच्या छापखान्यात एकतीस वर्षं खिळे जुळवले त्यांनी,
अक्षर उलटं असलं तरच सुलट वाटायचं.
सात, ते एवढंच म्हणाले,
पोटाशी पाय घेऊन झोपलेल्या पोरासारखा दिसतो.
आणि आठ?
एका बाजूनं उतरलेलं छप्पर.
मग पेढ्यांच्या खोक्याचा दोरा बोटाला गुंडाळत राहिले,
आणि जरा वेळानं,
द्या. शनी काय आपल्याला नवीन आहे?

दिगूनं ही खोली पाहिलेलीच नाही.
तो गेला तेव्हा आम्ही परळला होतो,
तीन बिऱ्हाडांत एक मोरी.
इकडे आल्यावर बाबांनी तीन पोस्टकार्डं टाकली,
वापीला, सुरतेला, एक भिवंडीच्या कुणा मिस्त्रीला.
मजकूर नव्हताच. नुसता पत्ता.
दुसरा मजला, खोली नंबर सात.
सातावर दोनदा पेन फिरवलेलं.
उत्तर कुठूनच आलं नाही, त्यालाही बावीस वर्षं झाली.

ठरावावर सही करताना
मला ती पोस्टकार्डं आठवली नाहीत.
खरंच आठवली नाहीत.

परवा गच्चीवर कपडे वाळत घालताना
गालांची नवी सून हेतल म्हणाली,
ताई, मंगळवारी एक माणूस आलेला.
सात नंबर? विचारलं. मी म्हटलं, हां.
त्यानं आत बघितलं, पप्पाजी टीव्हीसमोर,
देवाऱ्यात आमचे भगवान.
एक चप्पल काढली होती त्यानं,
परत घातली.
बरं, म्हणाला. गेला.

कसा होता?
असाच. केस पांढरे. हातात कापडी पिशवी.
डावी भुवई तुटलेली होती का?
आता भुवई कोण बघतं, ताई, जिन्यात तर अंधार.

असेल कुणी विम्याचा एजंट.
असेल मीटरवाला.
मीटरवाला चप्पल काढत नाही.

बाबांना सांगितलं नाही.
रात्री कचऱ्याची बादली घेऊन उतरले तर
पहिल्या मजल्याच्या वळणावर, भिंतीला अगदी खाली,
वाकलेल्या माणसाचा हात पोहोचेल तेवढ्यावर,
शिसपेन्सिलीनं बारीक, सुबक, छापल्यासारखं:
पडवळ. आता आठ.
पुढे एक बाण.

भिंतीला चुना दिवाळीत लागला.
म्हणजे त्यानंतरचं.
म्हणजे मंगळवारी ते तिथे होतं की नव्हतं
हे त्यांनाच ठाऊक,
आणि मी विचारणार नाही.

सकाळी वायरमनला बोलावून
त्या वळणावर बल्ब लावून घेतला.
सेक्रेटरीनं विचारलं, कशाला?
म्हटलं, कुरिअरवाल्याला दिसत नाही.